पोटात एक, ओठात एक!

एक्सेलमध्ये सहलीचा हिशेब मांडलाय. एकूण खर्च ७५,००० रुपये. आणि सेलमध्ये दिसतंय काय? #####! अरे, पैसे गेले कुठे?

कुठेही नाही. कॉलम अरुंद पडलाय, एवढंच. त्या सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा, रक्कम सुखरूप आहे. कॉलमच्या माथ्यावर जी अक्षरं असतात, त्यांच्या उजव्या कडेच्या रेघेवर डबल-क्लिक करा. कॉलम हवा तेवढा रुंद होतो.

पण लांबलचक नाव लिहिलं तर असे हॅश येत नाहीत. शेजारचा सेल रिकामा असेल तर नाव तिकडे खुशाल पाय पसरतं, नसेल तर अर्धंच दिसतं. मग आकड्यांनाच ही शिक्षा का? 'ज्ञानेश्वर'चं नुसतं 'ज्ञाने' दिसलं तरी आपण समजून घेतो. पण ७५,००० मधली शेवटची तीन शून्यं दिसलीच नाहीत, तर अख्खी सहल ७५ रुपयांत उरकेल की! अर्धा आकडा म्हणजे चक्क थाप. त्यापेक्षा हॅश परवडले.

तारखांची गंमत तर याहून भारी. १५ ऑगस्ट १९४७ लिहा आणि फॉरमॅट 'जनरल' करा. दिसेल १७३९४! एक्सेल पोटात ठेवतं ते दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० म्हणजे १. म्हणून तर एका तारखेतून दुसरी वजा करता येते. आता ६० लिहून त्याला तारखेचा फॉरमॅट द्या. आली २९ फेब्रुवारी १९००! पण १९०० हे लीप वर्ष नव्हतंच. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली ही चूक. त्याच्या फायलींशी जुळावं म्हणून एक्सेलनं ती मुद्दाम ठेवली. म्हणजे त्या १७३९४ मधला एक दिवस कधी उगवलाच नाही!

कधीकधी मात्र एक्सेल पोटातलंच बदलून टाकतं. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. ती टाइप केली की एक्सेल त्यांची १ मार्च, २ सप्टेंबर करायचं. इथे फॉरमॅट बदलूनही नाव परत येत नाही. २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं अखेर 'मार्चएफ१', 'सेप्टिन२' अशी नवी नावं जाहीर केली.

तुमचा हजेरी क्रमांक ००७ असेल आणि एक्सेल त्याचा नुसता ७ करत असेल, तर एवढा खटाटोप नको. आधी एक ' टाका, मग ००७. एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि हात लावत नाही.