बरोबरीची फौज की बरोबरीचा डाव?

नॉटिंगहॅमच्या ‘गेम्स वर्कशॉप’ कंपनीने जुलै २०१५ मध्ये ‘एज ऑफ सिग्मार’ हा नवा मिनिएचर वॉरगेम बाजारात आणला. नियम अवघे चार पानांचे, तेही फुकट. पण त्यातून पॉइंट्सच गायब होते, आणि जुने खेळाडू चक्रावले.

मिनिएचर वॉरगेममध्ये इंच-सव्वा इंचाचे रंगवलेले शिपाई टेबलावर मांडतात, चाल टेपने मोजतात आणि मारामारीचा निकाल फाशांवर लावतात. प्रत्येक तुकडीला तिच्या ताकदीनुसार पॉइंट्सची किंमत असते. दोघांनी, समजा, दोन-दोन हजार पॉइंट्सची फौज आणली की सामना बरोबरीचा. ‘सिग्मार’ने हा हिशेबच काढून टाकला. समोरच्याची फौज संख्येने एक तृतीयांश जास्त असेल, तर कमी फौजवाल्याला झटपट विजयाची एक खास अट निवडता यायची. गंमत अशी, की मोजायची ती नुसती डोकी. अजस्र ड्रॅगन म्हणजे एक आणि किडकिडीत गॉब्लिन म्हणजेही एकच! खेळाडूंनी मग घरच्या घरी आपापली पॉइंट्सची कोष्टकं बनवली.

विषम फौजांचा खेळ रंगत नाही असं मात्र नाही. लेखक एच. जी. वेल्सच्या १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या नियमपुस्तकात बचावाच्या डावाचा नियम आहे : बचाव करणाऱ्याची फौज हल्लेखोराच्या दोन तृतीयांश. हल्लेखोराने निदान पाव फौज शाबूत ठेवून पलीकडची कड गाठायची, बचाव करणाऱ्याने ते होऊ द्यायचं नाही. फौजा असमान, पण जिंकायच्या अटीही वेगळ्या. मैदान रचण्याबाबतही वेल्स हुशार : एकाने टेकड्या-घरं मांडायची आणि आपली बाजू निवडायची दुसऱ्याने. मग लबाडी करून उपयोग काय?

सिनॅरिओचा, म्हणजे ठरावीक प्रसंगावर बेतलेल्या डावाचा, जीव अशा अटींत असतो. जानेवारी १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्टला जेमतेम दीडशे ब्रिटिश सैनिकांनी तीन-चार हजार झुलूंना रात्रभर थोपवलं. या लढाईला पॉइंट्सचा काटा लावला तर ती मांडताच येणार नाही. ‘इतक्या फेऱ्या ठाणं टिकवा’ म्हटलं की खेळ उभा राहतो. गेम्स वर्कशॉपनेच १९८५ मध्ये या लढाईवरून ‘ब्लडबाथ अ‍ॅट ऑर्क्स ड्रिफ्ट’ हा सिनॅरिओ-संच काढला होता.

पॉइंट्सही काही निखळ न्याय देत नाहीत. घोडदळाची छापील किंमत मोकळ्या माळावर आणि दाट झाडीत सारखीच; टेबलावरची गत मात्र निराळी. शिवाय स्वस्तात जास्त मारा करणारी तुकडी हेरून तिचीच भरती करणारे महाभाग प्रत्येक क्लबात असतात. तरीही अनोळखी माणसाशी शनिवारी दुपारी खेळायला बसायचं तर पॉइंट्ससारखी सोय नाही. सिनॅरिओ तोलायला आधी कुणीतरी तो खेळून पाहावा लागतो, दोघांचा एकमेकांवर भरवसा लागतो, किंवा मग पंच लागतो. मित्रमंडळींत हे जमतं. पन्नास जणांच्या स्पर्धेत फक्त भांडणं होतात.

पॉइंट्स काढून टाकणारी गेम्स वर्कशॉपही २०१६ च्या उन्हाळ्यात नमली. ‘सिग्मार’च्या ‘जनरल्स हँडबुक’ या पुस्तकात तीन वाटा आल्या : मोकळा खेळ, कथेवरचा खेळ आणि पॉइंट्स मोजून जुळवलेला खेळ. स्पर्धांनी अर्थातच तिसरी उचलली. पण तिथेही फौज समान असली तरी जिंकायचं ते टेबलावरची मोक्याची ठिकाणं राखून, त्यामुळे अर्ध्याहून जास्त शिपाई गमावलेला खेळाडूही सामना खिशात घालून उठू शकतो.