अरण्यद्वीपाची पहिली नौकायात्रा

प्रवासास निघण्यापूर्वीं घरांत बसून त्याचा साद्यंत विचार करणें ही आमच्या वडिलांच्या पिढीची रीत होती. काशीस जाणारा गृहस्थ सहा महिने आधींपासून वाट, मुक्काम, शिधा आणि सोबत यांचा खल करीत असे. तिकीट काढलें कीं तयारी संपली, असें मानणाऱ्या आजच्या तरुण मंडळींस ही रीत हास्यास्पद वाटते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर अद्यापि कांहीं स्थळें अशीं आहेत कीं, तेथें जाणारास ती पुन्हा शिकावी लागते. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत राहतात. येत्या ऑगस्टांत पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा आणि एक स्नेही यांसह ‘कनू’ नांवाच्या वल्ह्याच्या होडींतून आइल रॉयल या अरण्यद्वीपावर सहा दिवस घालवावे आणि मासेमारी करावी, असा त्यांचा बेत आहे. चौघांपैकीं कोणीहि असा प्रवास पूर्वीं केलेला नाहीं. त्या निमित्तानें आमच्या घरीं जो विचारविनिमय झाला, त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवीत आहों. आपल्याकडील अनेक कुटुंबांचीं मुलें आज डेट्रॉइट, शिकागो, मिनिआपोलिस या शहरांत राहतात. त्यांस, आणि त्यांच्या काळजीनें येथें जागणाऱ्या वडीलधाऱ्यांस, हा मजकूर उपयोगीं पडेल अशी उमेद आहे.

प्रथम स्थळाचा विचार करूं. सुपीरियर नांवाचें जें प्रचंड सरोवर अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवर आहे, त्याचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून अधिक भरतें, आणि त्याची अत्यधिक खोली ४०६ मीटर आहे. याच्या वायव्य भागांत आइल रॉयल हें सुमारें ४५ मैल लांब व ९ मैल रुंद बेट असून त्याच्या भोंवतीं शेंकडों लहान बेटें विखुरलेलीं आहेत. ओजिब्वे लोक यास ‘मिनॉंग’ म्हणतात. येथील खडकांत शुद्ध तांबें सांपडतें. युरोपियनांचें पाऊल लागण्यापूर्वीं हजारों वर्षें आदिवासींनीं तें दगडी घणांनीं फोडून काढलें. एकोणिसाव्या शतकांत खाणवाले आले आणि गेले. मागाहून नॉर्वे-स्वीडनकडील कोळी कुटुंबांनीं किनाऱ्यावर वस्ती केली. १९३१ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान करण्याचा कायदा झाला, १९४० सालीं उद्यान प्रत्यक्ष स्थापन झालें आणि १९७६ सालीं बेटाचा बहुतेक भाग ‘अरण्य’ म्हणून कायद्यानें राखून ठेवण्यांत आला. मोटारींचे रस्ते येथें नाहींत. १ नोव्हेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत बेट प्रवाशांस बंद असतें. होटन व कॉपर हार्बर या मिशिगनमधील बंदरांतून, तसेंच मिनेसोटांतील ग्रँड पोर्टेजहून, आगबोटीनें येथें जातां येतें. होटनहून सुमारें सहा तास लागतात. पाण्यावर उतरणारीं लहान विमानेंहि आहेत, परंतु त्यांतून कनू नेतां येत नाहीं.

आतां ‘कनू’ म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. ही अरुंद, उघडी, दोन्ही टोंकांस निमुळती होडी होय. ओजिब्वे लोक ती भूर्जवृक्षाच्या सालीची करीत. सांप्रत ती ॲल्युमिनियमची किंवा कृत्रिम धाग्यांची करतात. तिचा मुख्य गुण हलकेपणा. एका तळ्यांतून दुसऱ्या तळ्यांत जाण्यास पाण्याची वाट नसली म्हणजे प्रवासी होडी उचलून डोक्या-खांद्यावर घेतो आणि रानांतून चालूं लागतो. या वहाणीस ‘पोर्टेज’ म्हणतात. एखादी हलकी कनू वीस किलोची, तर ॲल्युमिनियमची तीस-पस्तीस किलोंची असते. होडी भाड्यानें घेतांना किंमत पाहण्यापूर्वीं वजन पाहावें, हा यावरून निघणारा पहिला धडा.

दुसरा धडा अंकगणिताचा आहे. मॉस्की बेसिन या खाडीपासून लेक रिची या तळ्यापर्यंतची वहाणी दोन मैलांची आहे. नकाशावर ती अर्धा बोटभर दिसते. परंतु होडी आणि सामान एकाच खेपेस जाणार नाहीं. एक खेप होडीची, मग रिकाम्या हातीं परत, पुन्हा खेप सामानाची. म्हणजे दोन मैलांच्या वाटेस सहा मैल चालणें आलें, आणि त्यांपैकीं चार मैल ओझ्यासह! चिरंजीवांनीं पहिल्या पत्रांत सहा दिवसांत सात तळीं करण्याचा बेत कळविला होता. आम्हीं प्रत्येक वहाणीचा आंकडा तिपटीनें मांडून परत पाठविला. उलट टपालीं तळ्यांची संख्या दोनावर आली.

नवख्या मंडळींनीं वाट कोणती धरावी, याविषयीं आमचें मत असें बनलें. बेटाच्या ईशान्य टोंकास रॉक हार्बर नांवाची लांबट खाडी असून बाहेरच्या बेटांच्या रांगेमुळें सरोवराच्या लाटांपासून तिचें बरेंच रक्षण होतें. शेजारीं थोड्याच अंतरावर टोबिन हार्बर ही त्याहून शांत खाडी आहे. पहिला पूर्ण दिवस टोबिन हार्बरमध्यें केवळ वल्हविण्याच्या अभ्यासांत घालवावा. नंतर रॉक हार्बरच्या कांठाकांठानें तीन मैलांवरील ‘थ्री माइल’, सातव्या मैलावरील ‘डेझी फार्म’ आणि अकराव्या मैलाच्या सुमारास मॉस्की बेसिन असे मुक्काम करावे. तेथून एकदां रिची तळें गांठावें आणि त्याच वाटेनें परतावें. बेटाच्या टोंकाशीं ब्लेक पॉइंट नांवाचा जो उघडा भाग आहे, त्यास वळसा घालून पलीकडच्या खाडींत जाण्याचा मोह नकाशा पाहतांना होतो. तेथें सरोवराच्या लाटा थेट येऊन आदळतात. उघडी कनू तेथें नेऊं नये. एक दिवस राखीव ठेवावा, हें तर सांगावयासच नको. सकाळीं पाणी पुष्कळदां स्वस्थ असतें आणि दुपारीं वारा सुटतो. म्हणून पहांटे निघून माध्यान्हापूर्वीं मुक्काम गांठावा, आणि वाऱ्यानें अडविलें तर कांठावर बसून राहावें.

येथें मुख्य मुद्द्याकडे वळतों. या प्रवासांतील खरें भय लांडग्याचें नाहीं, अरण्याचें नाहीं. तें थंड पाण्याचें आहे. सुपीरियरचें पाणी भर उन्हाळ्यांतहि बहुधा इतकें गार असतें कीं, उत्तम पोहणाराचेंहि पोहणें तेथें फार वेळ चालत नाहीं. अशा पाण्यांत पडलेल्या माणसाविषयीं तज्ज्ञांनीं एक सुटसुटीत हिशेब सांगितला आहे : पहिलें एक मिनिट श्वास ताब्यांत आणण्याचें, पुढील सुमारें दहा मिनिटें हातपाय मनासारखे चालण्याचीं, आणि शुद्ध हरपण्यास सुमारें एक तास. हा हिशेब तरंगणाऱ्याचा आहे. अंगांत तरंगतें जाकीट नसेल, तर पहिल्याच मिनिटांत दचकून घेतलेला श्वास पाण्याचा असतो. आमचा नातू पोहण्याच्या शर्यतींत बक्षिसें मिळवितो; त्यामुळें जाकीट अंगांत न घालतां होडींत ठेवलें तर चालेल, असें त्याचें म्हणणें होतें. हा हिशेब त्यास वाचून दाखविल्यावर तें म्हणणें त्यानें मागें घेतलें. नियम असा ठरला कीं, होडींत पाय ठेवण्यापूर्वीं जाकीट अंगांत, आणि कांठावर उतरल्यावरच तें बाहेर. होडी उलटली तर ती सोडूं नये. सुक्या कपड्यांचा एक जोड जलाभेद्य पिशवींत प्रत्येकाचा असावा. कांठापासून दूर आडवें जाऊं नये. बेटावर मोबाइल फोनचा भरंवसा नसतो, यास्तव उपग्रहाच्या द्वारें निरोप धाडणारें लहान यंत्र जवळ बाळगावें.

पिण्याच्या पाण्याचीहि गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तळ्याचें पाणी कितीहि निर्मळ दिसलें तरी त्यांत लांडगे व मूस यांच्या द्वारें पसरणाऱ्या एका पट्टकृमीचीं अंडीं असूं शकतात, आणि औषधी गोळ्या त्यांस पुऱ्या पडत नाहींत. पाणी खळखळां उकळावें, किंवा ०.४ मायक्रॉनच्या गाळणींतून गाळून घ्यावें. बहुतेक मुक्कामांवर लांकडें पेटविण्यास मनाई असल्यामुळें लहान स्टोव्ह न्यावा. त्याचें जळण बेटावरील दुकानांतून मिळतें. शिध्याचा हिशेब दर माणशीं दररोज ७०० ग्रॅम कोरड्या सामग्रीचा धरिला, तर चौघांस सहा दिवसांचे सुमारें १७ किलो होतात. आमच्या घरांतून भाजणी, मेतकूट, दडपे पोह्यांचा मसाला आणि डिंकाचे लाडू यांची यादी गेली. लोणच्याची बरणी मात्र वजनाच्या मुद्द्यावर नापास झाली.

बेटावर अस्वलें नाहींत. मूस हें घोड्याएवढें सांबर मात्र आहे. त्याच्या, विशेषतः वत्सासह असलेल्या मादीच्या, जवळ जाऊं नये. लांडगे १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत येथें आले. १९५८ सालापासून शास्त्रज्ञ या दोन प्राण्यांच्या परस्परसंबंधाचा अखंड अभ्यास करीत आले आहेत. लांडग्यांची संख्या घटत घटत दोनावर आली, तेव्हां २०१८ व २०१९ या सालीं एकोणीस लांडगे बाहेरून आणून सोडण्यांत आले. प्रवाशास उपद्रव बहुधा कोल्ह्याचा होतो. तो अन्न पळवितोच, पण बाहेर राहिलेला जोडाहि सोडीत नाहीं. अन्न उघडें टाकल्यानें वन्य प्राणी माणसास सोकावतात आणि अखेर शिक्षा त्यांसच भोगावी लागते. सबब अन्न नियमाप्रमाणें बंदिस्त ठेवावें.

मासेमारीसंबंधीं आमच्या घरीं मतभेद झाला, आणि तो येथें प्रामाणिकपणें नमूद करणें योग्य होईल. आमचें घर शाकाहारी; सूनबाईंचें माहेर किनारपट्टीवरचें, तेथें मत्स्याहार निषिद्ध नाहीं. बेटाच्या आंतील तळ्यांत मासे धरण्यास परवाना लागत नाहीं, परंतु जिवंत आमिष वापरण्यास बंदी असून केवळ कृत्रिम आमिष चालतें. सुपीरियरच्या पाण्यांत मिशिगनचा परवाना लागतो. रिची तळ्यांत पाइक नांवाचा लांब तोंडाचा, दांताळ मासा मिळतो. किनाऱ्याजवळचा ‘कोस्टर’ जातीचा ब्रूक ट्राउट दुर्मिळ झाल्यामुळें तो सांपडल्यास सोडून देणें बंधनकारक आहे. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, सारेच मासे सोडून द्यावे, म्हणजे हिंसा घडणार नाहीं. यावर आमच्या कुटुंबानें विचारलें, “पोटासाठीं धरलेला मासा एक वेळ समजतें, पण गंमत म्हणून गळ टोंचावा आणि दया म्हणून सोडावा, हें कसलें पुण्य?” या प्रश्नास आमच्या तर्कशास्त्रांत उत्तर मिळालें नाहीं. शेवटीं ठरलें तें असें : ज्यांस मासा खावयाचा आहे, त्यांनींच आणि तितकाच धरावा, पोटापुरता मिळाला कीं गळ गुंडाळावा, अजाणतां लागलेला राखीव मासा ओल्या हातानें, पाण्यांतच ठेवून, ताबडतोब मोकळा करावा. सर्वांस हें मान्य होईल असें नाहीं. पण प्रत्येक कुटुंबानें हा प्रश्न होडींत नव्हे, घरींच सोडवावा.

सर्वांत बिकट प्रश्न अधिकाराचा निघाला. एकत्र कुटुंबांत वडिलांचा शब्द अखेरचा, ही आपली परंपरा, आणि घरांत ती हिताची आहे. होडींत मात्र स्थिति निराळी. पुढें बसणारास पाण्यांतले खडक दिसतात, पण होडीची दिशा बहुतांशीं मागें बसणाराच्या हातीं. आणि मागच्यास पुढचें नीट दिसत नाहीं. हा चक्क अंधपंगुन्याय होय. पुढें नातू बसणार आणि मागें त्याचे वडील. खडक दिसूनहि वडिलांच्या धाकानें, अथवा भित्रा म्हणतील या लाजेनें, मुलगा गप्प राहिला तर काय? म्हणून आम्हीं चिरंजीवांकडून एक वचन घेतलें आहे. लाटा पाहून चौघांपैकीं एकानेंहि ‘नको’ म्हटलें, तर त्या दिवशीं होडी पाण्यांत जावयाची नाहीं. कारण विचारावयाचें नाहीं, आणि मागाहून थट्टाहि करावयाची नाहीं. पुढें जाण्यास चौघांचें एकमत पाहिजे. थांबण्यास एकाचा शब्द पुरे. त्यामुळें आगबोट चुकली तर चुकूं द्यावी. रजेचा एक दिवस बुडाला तर बुडूं द्यावा.

सहांपर्यंत माणसांच्या तुकडीस मुक्कामाची जागा आगाऊ राखतां येत नाहीं. जो प्रथम पोहोंचेल त्यास ती मिळते. तथापि पोहोंचतांच उद्यानाच्या अधिकाऱ्यांकडून परवाना घ्यावा लागतो आणि त्यांत आपला नियोजित मार्ग सांगावा लागतो. त्याच मार्गाची एक प्रत, परतीच्या तारखेसह, घरीं ठेवून जावें. कोणत्या दिवसापर्यंत निरोप न आल्यास काळजी करूं नये आणि कोणत्या दिवसानंतर कोणास कळवावें, हें त्या कागदावर स्पष्ट लिहावें. तरुणांस ही केवळ एक औपचारिक टीप वाटेल. पण सातासमुद्रापलीकडे देवापाशीं दिवा लावून बसलेल्या माणसांस सहा रात्री सुखानें झोंप यावी, यासाठीं त्या कागदाएवढें सामर्थ्य दुसऱ्या कशांतहि नाहीं.