पीजेचं कोळशाचं इंजिन 🚂

आपल्या खान्देशची पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वे! साधारण 1918-19 च्या सुमारास सुरू झालेली, सुमारे 56 किलोमीटरची. मोठ्या लाइनचे रूळ 1676 मिलिमीटर अंतरावर, पीजेचे होते फक्त 762!

डिझेल येण्याआधी ही गाडी वाफेवर धावायची. भट्टीची धग नळ्यांतून बॉयलरच्या पाण्यात उतरते. वाफ सिलिंडरमधला दट्ट्या पुढेमागे ढकलते आणि दांडा चाक फिरवतो. वापरलेली वाफ धुराड्यातून सुटते, तोच तो ‘छुक’! तिच्याच ओढीनं भट्टी पुन्हा फुलते.

वरखेडी, शेंदुर्णी, पहूरच्या जुन्या मंडळींनो, घरात त्या इंजिनाचा फोटो असेल तर जरूर टाका. हा ठेवा जपायलाच हवा.