तीनशे खोल्या आणि मोजकीच बाथरूम!

इअरफोन लावले ना? आज लंडनला जायचंय, पण सुरुवात मुंबईतून.

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हे तर आपलं सीएसएमटी, फक्त लाल विटांचं! टोकदार कमानी, मनोरे, घड्याळ, सगळं तसंच. प्रत्यक्षात लंडनची इमारत आधीची. आपल्या व्हीटीचं काम १८७८ ला सुरू झालं, तोवर ती बांधून झाली होती. आणि तिचा रस्त्याकडचा भाग म्हणजे स्टेशन नव्हेच, ते आहे हॉटेल. मूळ नाव मिडलंड ग्रँड.

रेल्वे कंपनीला हॉटेल कशाला? तर मिडलंड रेल्वे लंडनमध्ये उशिरा पोचली. युस्टन आणि किंग्ज क्रॉस ही दुसऱ्या कंपन्यांची स्टेशनं शेजारीच होती. प्रवाशाचे डोळे दिपवायलाच हवे होते. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या आर्किटेक्टने मागितलं होतं त्यापेक्षा मोठं आणि महाग डिझाइन दिलं, आणि तोच स्पर्धा जिंकला! ५ मे १८७३ ला हॉटेल उघडलं. (मागच्या स्टेशनात फलाट वर आणि खाली तळघर. तिथल्या खांबांमधलं अंतर बिअरच्या पिंपांच्या मापाने ठरवलेलं. धंदा म्हणजे धंदा.)

आता मुख्य गोष्ट. खोल्या सुमारे ३००, बाथरूम मोजकीच. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. नोकर खोलीत टब आणि गरम पाणी आणून द्यायचे, शेकोटीला कोळसा घालायचे. पण पुढे नव्या हॉटेलांत खोलीलाच बाथरूम मिळायला लागलं. इथे पाइप टाकणार कुठून? आग पसरू नये म्हणून जमिनी जाडजूड काँक्रीटच्या केलेल्या! मजबुतीच नडली. १९३५ ला हॉटेल बंद झालं, तिथे रेल्वेची ऑफिसं आली.

साठच्या दशकात जवळच्या युस्टनची भव्य कमान पाडली गेली आणि मग सेंट पँक्रसवरही हातोडा येणार असं दिसायला लागलं. कवी जॉन बेट्जमन आणि व्हिक्टोरियन सोसायटी भांडले. १९६७ ला इमारतीला सर्वोच्च, म्हणजे ग्रेड वन दर्जाचं संरक्षण मिळालं.

पण माझ्या मते कायद्याने फक्त भिंती वाचल्या. ऐंशीच्या दशकात ऑफिसंही गेली. कारण काय, तर अग्निसुरक्षेच्या नियमांत इमारत बसेना! आगीसाठी एवढं काँक्रीट ओतून! मग उरली रिकामी वास्तू आणि शूटिंग. स्पाइस गर्ल्सचं ‘वॉनाबी’ आठवतंय? त्यातला जिना इथलाच.

जीव परत आणला तो गाड्यांनीच. २००७ ला पॅरिसची युरोस्टार इथून सुटायला लागली, आणि २०११ ला, पुन्हा ५ मेलाच, हॉटेलचं रीतसर उद्घाटन झालं. बऱ्याच खोल्या मागच्या नव्या विंगमध्ये आहेत. आणि हो, बाथरूम प्रत्येकाला!

कधी गेलात तर वरच्या फलाटाजवळ बेट्जमनचा पुतळा शोधा. एका हाताने हॅट धरून तो छताकडे बघत उभा आहे.