सभागृहाचे स्वतःचे दप्तर

१९१९च्या सुधारणा-कायद्यान्वये निर्माण झालेली मध्यवर्ती विधानसभा १९२१ साली प्रथम भरली, तेव्हा तिला अध्यक्ष होता, सभासद होते, नियमावलीही होती. नव्हते ते स्वतःचे दप्तर. सभेचा सचिव आणि त्याच्या हाताखालचे कारकून हे सारे हिंदुस्थान सरकारच्या कायदेखात्याचे नोकर असून त्या खात्याचा अधिकारी सभागृहात सरकारी बाकांवर बसत असे. ही व्यवस्था किती घातक होती, हे सभेचे नित्याचे कामकाज ज्यांना ठाऊक आहे त्यांना चटकन उमगेल. सभासदाने विचारलेला प्रश्न नियमात बसतो की नाही, एखाद्या दुरुस्तीची सूचना मांडता येते की नाही, यांविषयी अध्यक्षाला सल्ला देणारा मनुष्य जर आपल्या पगारासाठी आणि बढतीसाठी ज्या सरकारला प्रश्न विचारावयाचा त्याच सरकारच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर तो स्वभावतः कितीही सचोटीचा असला तरी त्याची सचोटी नित्य कसोटीला लागणार.

हे वैगुण्य दूर करण्याचे श्रेय विठ्ठलभाई पटेलांचे. ऑगस्ट १९२५ मध्ये अवघ्या दोन मतांच्या आधिक्याने निवडून आलेले हे पहिले लोकनियुक्त अध्यक्ष. सप्टेंबर १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर समसमान मते पडली असता त्यांनी आपले निर्णायक मत विरोधात टाकून ते विधेयक फेटाळले, हा प्रसंग अनेकांच्या स्मरणात असतो. परंतु त्याच महिन्यात पंडित मोतीलाल नेहरूंनी विधानसभेसाठी स्वतंत्र खाते असावे असा ठराव मांडला व सभेने तो एकमताने संमत केला, ही घटना माझ्या मते तितकीच मोलाची असूनही विस्मृतीत गेली आहे. त्या ठरावानुसार १० जानेवारी १९२९ रोजी विधानसभेचे स्वतंत्र खाते अस्तित्वात आले. कागदोपत्री ते गव्हर्नर-जनरलच्या अखत्यारीत राहिले खरे, तथापि प्रत्यक्ष अंमल अध्यक्षांचाच चालू लागला.

पुढे तीनच महिन्यांनी, ८ एप्रिल रोजी, त्याच सुरक्षा विधेयकाच्या नव्या मसुद्यावर अध्यक्ष निर्णय देण्याच्या बेतात असताना भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले. त्यानंतर सरकारला बंदोबस्त आपल्या पोलिसांच्या हाती हवा होता, तर सभागृहाच्या आवारात हुकूम चालेल तो अध्यक्षाचाच, असा विठ्ठलभाईंचा आग्रह होता; आणि हा आग्रह इतका कडवा होता की १९३०च्या आरंभी त्यांनी प्रेक्षकांचे सज्जे काही काळ बंद करविले. सभागृहाचा स्वतःचा पहारा, ज्याला पुढे ‘वॉच अँड वॉर्ड’ हे नाव रूढ झाले, तो याच झगड्याचे फळ होय.

हा वारसा पुढे नेणारे गणेश वासुदेव मावळंकर हे मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी घराण्यातले. त्यांची कर्मभूमी मात्र अहमदाबाद. जानेवारी १९४६ मध्ये ६६ विरुद्ध ६३ मतांनी ते मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेचे सभापतिपद त्यांच्याकडे आले. दरम्यान राज्यघटनेच्या ९८व्या अनुच्छेदाने प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवालयाची हमी दिली होती. मावळंकरांना सचिव लाभले ते महेश्वरनाथ कौल. प्रसंगोपात्त दिलेले निर्णय टिपून ठेवणे, त्यांतून पूर्वोदाहरणांची परंपरा घडविणे आणि कोणत्याही पक्षाच्या सभासदाला नियमाचा अर्थ समान तत्परतेने समजावून सांगणे, हे काम कौलांनी १९६४ पर्यंत केले. त्यांच्यामागून सचिव झालेल्या श्यामलाल शकधरांसमवेत त्यांनी लिहिलेला संसदीय पद्धतीवरील ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला आणि आजही सभागृहात वाद उपस्थित झाला की पीठासीन अधिकारी त्याचाच आधार शोधतात.

राज्यसभेचे पहिले सचिव सुरेंद्रनाथ मुखर्जी यांची ओळख त्याहून जुनी. घटनासमितीचे ते प्रमुख मसुदाकार होते. अत्यंत गुंतागुंतीच्या कल्पनेला सुबोध व निःसंदिग्ध कायद्याचे रूप देण्याचे त्यांचे सामर्थ्य डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात मुक्तकंठाने वाखाणले, आणि प्रसंगी मध्यरात्र उलटेपर्यंत राबलेल्या त्यांच्या हाताखालील सेवकवर्गाचाही त्याच भाषणात आवर्जून उल्लेख केला. एवढ्या मोठ्या कार्याच्या समाप्तीच्या क्षणी कारकुनांची आठवण ठेवणारे नेते विरळाच, आणि म्हणून त्या भाषणाचा हा भाग शालेय पुस्तकांतही यावा असे मला वाटते.

स्त्रियांना मात्र सभागृहाच्या सचिवपदाचे दार फार उशिरा उघडले. व्ही. एस. रमादेवी १९९३ मध्ये राज्यसभेच्या पहिल्या महिला महासचिव झाल्या; याआधी काही दिवस त्यांनी मुख्य निवडणूक आयुक्तपदही सांभाळले होते. लोकसभेला पहिली महिला महासचिव, स्नेहलता श्रीवास्तव, मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले, म्हणजे तोवर मीराकुमार आणि सुमित्रा महाजन या दोन स्त्रिया लोकसभेच्या अध्यक्षासनावर बसून गेल्या किंवा बसलेल्या होत्या.