दारं-खिडक्यांना कोणता रंग: ऑइलचा की पाण्याचा?

ताईंनो, गणपतीआधी रंग घ्यायला दुकानात गेलं, की दारांसाठी ऑइल पेंटचाच डबा पुढं येतो. पण आता पाण्यात कालवायचा इनॅमल पेंटही मिळतो. जरा महाग पडतो, पण वास कमी, काही तासांत वाळतो, ब्रश पाण्यानं धुता येतो. ऑइल पेंटला टर्पेंटाइन लागतं, एक हात वाळायला रात्र जाते, वासानं डोकं धरतं. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर माझं मत सरळ पाण्याच्या रंगाला. शिवाय पांढरा ऑइल पेंट अंधाऱ्या खोलीत लवकर पिवळा पडतो. चुलीजवळच्या दाराला मात्र तोच बरा, रोज पुसून टिकतो.

आधी जुना रंग ओळखा. स्पिरिटमध्ये चिंधी भिजवून घासा. रंग चिंधीला लागला तर तो पाण्याचा, नाही लागला तर ऑइलचा. ऑइलवर पाण्याचा रंग थेट मारला तर नखानं सोलून येतो. पॉलिश पेपरनं चकाकी घालवा, मग प्रायमर, मग रंग.

घासताना जपा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं, आणि ते पोरांच्या मेंदूला घातक. म्हणून कोरडं घासू नका, पाणी लावून घासा. तोंडाला मास्क, पोरं बाहेर. धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची.

आणि गगनबावडा, राधानगरीकडच्या ताईंनो, श्रावणात तुमची दारं फुगलेली असतात. ओल्या लाकडावर कुठलाही रंग फोड धरतो. गणपतीला दारं नुसती पुसून घ्या, रंग दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर.