तारा, चुंबक आणि मुंबईची हवा

इलेक्ट्रिक गिटार म्हटले की पाश्चात्त्य रॉक संगीत डोळ्यांसमोर येते. मात्र तारेच्या कंपनाला विजेची जोड देऊन ते कर्ण्यातून ऐकविण्याची कला लालबाग-परळला नवी नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वाजणारा ‘बेंजो’ त्याच जातीचा. जपानमध्ये १९१२ साली तयार झालेल्या ‘तायशोगोतो’ या वाद्याचा तो वंशज. आपल्याकडे ते ‘बुलबुलतरंग’ म्हणून रुळले आणि पुढे पिकअप व अॅम्प्लिफायरच्या साह्याने मिरवणुकीत दुमदुमू लागले.

इलेक्ट्रिक गिटारचे घरगुती गुण वेगळेच आहेत. भरीव लाकडाचे हे वाद्य अॅम्प्लिफायरला जोडले नाही तर जवळजवळ मुके असते. हेडफोन लावून रात्री सराव केला तरी शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. गिरगाव-दादरच्या चाळीतील खोलीत ही मोठीच सोय. परंतु हौसेने आणलेली गिटार एका पावसाळ्यानंतर बेसूर होते, तारा गंजतात, कर्ण्यातून खरखर येते आणि वाद्य माळ्यावर जाते. वास्तविक यातील बहुतेक दोष किरकोळ असतात आणि थोडी माहिती असेल तर घरीच दूर करता येतात.

आवाज येतो कोठून?

तारांखालील पिकअपमध्ये लोहचुंबक असते आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. तोच अॅम्प्लिफायर वाढवितो. हे वेढे आसपासच्या वीजवाहिन्यांतील ५० हर्ट्झची गुणगुणही टिपतात. त्यावर उपाय म्हणून ‘गिब्सन’ कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन वेटोळ्यांचा ‘हमबकर’ विकसित केला. त्यात एका वेटोळ्यातील गुणगुण दुसऱ्यातील गुणगुणीने रद्द होते. एकेरी पिकअपच्या गिटारमध्ये थोडी गुणगुण असणे हा म्हणूनच बिघाड नव्हे.

खरेदी करताना

१८६५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या ‘फुर्टाडोज’मुळे धोबीतलाव हा वाद्यप्रेमींचा जुना पत्ता आहे. दुकान कोणतेही असो, नाव आणि रंग पाहण्याआधी गिटारची मान पाहावी. वाद्य डोळ्यांसमोर आडवे धरून मानेच्या कडेने नजर टाकली की पीळ लगेच दिसतो. पीळ पडलेली मान सरळ करणे खर्चिक असते, तेव्हा अशी गिटार स्वस्त मिळाली तरी नाकारावी. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवावी आणि वाद्य अॅम्प्लिफायरला जोडून सर्व बटणे फिरवावीत. जुन्या गिटारमधील गंजक्या तारा आणि खरखरणारी बटणे यांवर भाव कमी करून घेता येतो. फ्रेट फार झिजलेले असतील तर मात्र तो खर्च हिशेबात धरावा.

पावसाळा आणि लाकूड

मुंबईच्या दमट हवेत लाकूड ओलावा शोषते आणि मानेचा बाक बदलतो. तार पहिल्या फ्रेटवर व मान धडाला मिळते तेथे अशी एकाच वेळी दाबून धरावी. मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरच्या आसपास, साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट असावी. ती फार वाढली वा नाहीशी झाली तर मानेतील लोखंडी ‘ट्रस रॉड’ फिरवावा लागतो. तो एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि जोर तर मुळीच करू नये.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात, कारण घामातील क्षार गंजाला निमंत्रण देतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नये.

हौशी दुरुस्ती

बाराव्या फ्रेटवर तारेची लांबी निम्मी होते. तेथे तार दाबून निघणारा स्वर आणि तिला केवळ स्पर्श करून निघणारा स्वर एकच असावा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरील त्या तारेची घोडी मागे सरकवावी. उतरलेला असेल तर पुढे. खरखरणाऱ्या बटणांना बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. तो पुरला नाही तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा पोटेन्शिओमीटर आणावा. एकेरी पिकअपला साधारणतः २५० किलोओहम, तर हमबकरला ५०० किलोओहमचा लागतो. सोल्डरिंगचा डाग उखडण्यापूर्वी जोडणीचे छायाचित्र काढून ठेवावे.

या खटाटोपाला मोठी परंपरा आहे. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे, तरीही १९५४ साली त्यांच्या कंपनीची ‘स्ट्रॅटोकास्टर’ बाजारात आली. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा ‘क्वीन’मधील सहकारी ब्रायन मे याने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार घडविली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरलेली होती आणि तीच गिटार तो पुढे जगभर वाजवत राहिला.

येथे प्रयोग नको

एका बाबतीत मात्र हौस आवरलीच पाहिजे. गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरच्या आर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या चाळींत दोन पिनांचे सॉकेट असेल, किंवा तिसरी पिन जागेवर असूनही तिला आर्थिंगची तार जोडलेली नसेल, तर अॅम्प्लिफायरमधील बिघाडाचा प्रवाह थेट वादकाच्या बोटांत उतरू शकतो. ३ मे १९७२ रोजी ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे याचा स्वान्सी येथे रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. मायक्रोफोनला हात लागल्याचे निमित्त झाले.

तिसरी पिन काढून अॅम्प्लिफायर जोडणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. गिटार घेण्याआधी परवानाधारक वायरमनकडून घरातील आर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. अॅम्प्लिफायरचे झाकण, विशेषतः व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचे, उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. गिटारच्या आतील वायरिंगवर केबल काढून ठेवून खुशाल हात चालवावा. अॅम्प्लिफायरची दुरुस्ती मात्र जाणकाराकडेच सोपवावी.